पोफळीवरची अक्षरे

2021 च्या दिवाळीत मामाने मला वाडीतल्या एका पोफळीपाशी नेऊन उभे केले आणि कोयत्याच्या पाठीने खोडावर हलकेच टकटक केली. "हे बघ गं, हा कसला रोग म्हणायचा?" खोडावर राखाडी-पांढरे डाग होते. गुडघ्यापासून सुरू होऊन माझ्या डोक्याच्याही वर चढत गेलेले, एकमेकांच्या कडांना भिडलेले, आणि त्या पांढऱ्यावर बारीक काळ्या रेघा. मी वाकून पाहिले, पिशवीतले दहापट दाखवणारे भिंग डोळ्याला लावले आणि अर्ध्या मिनिटात उत्तर दिले. "रोग नाही मामा. हे शैवाक आहे, ग्राफिस स्क्रिप्टा. झाडाला त्याचा काही त्रास नाही." त्याने खिशातली छोटी डायरी काढली, नाव दोनदा विचारून घेतले, देवनागरीत लिहिले, त्याखाली रेघ ओढली आणि कोयता कमरेच्या आकडीत अडकवून तो निश्चिंत मनाने पाटाच्या दिशेने गेला. पुढच्या पावसाळ्यात, जुलैच्या एका वादळी रात्री, ती पोफळ कमरेत मोडून पडली.

शैवाकाने ती पाडली नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होते. तरीही मामाचे ते निश्चिंत होणे माझ्या मनातून जात नाही.

वाडी श्रीवर्धनच्या बाजूला आहे, आणि त्या पट्ट्यातल्या कुणालाही 3 जून 2020 ही तारीख सांगावी लागत नाही. निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले त्या दिवशी मामाच्या वाडीतली निम्म्याहून अधिक झाडे गेली. लहानपणी मे महिन्यातल्या भर दुपारी त्या वाडीत शिरले की डोळ्यांना दिसायला थोडा वेळ लागत असे, इतकी दाट सावली होती. नारळाच्या झापांखाली पोफळी, पोफळींवर मिरवेली, खाली केळी आणि जायफळाची दोन झाडे, पायाखाली ओली माती आणि कुजत चाललेल्या विरींचा, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या बुडाशी असलेल्या रुंद आवरणांचा, आंबूस वास. वादळानंतर पहिल्यांदा गेले तेव्हा त्याच जागी उभे राहून मला समुद्राकडचे आकाश सलग दिसले आणि मामीच्या लक्षात येऊ नये म्हणून मी तोंड फिरवले. जी झाडे उभी राहिली होती ती उघडी पडली होती. मोठ्या कुटुंबातली माणसे गेल्यावर एकटे उरलेले वडीलधारे दिसतात, तशी ती मला दिसली. मामा त्या उरलेल्या प्रत्येक झाडाला जपत होता आणि म्हणूनच प्रत्येक डागाकडे संशयाने पाहत होता.

शैवाक हा शब्द मामाला नवा होता, पण वस्तू नवी नव्हती. रात्री जेवताना तो विषय निघाला तेव्हा मामी म्हणाली, "म्हणजे आपल्या दगडफुलासारखंच ना?" तिने बरोबर ओळखले होते. गोड्या मसाल्यासाठी तेलावर परतताना जे काळपट, चुरगळलेल्या कागदासारखे दगडफूल आपण कढईत टाकतो आणि जे गरम तेल लागेपर्यंत आपला वास राखून ठेवते, तेही शैवाकच. नावात दगड असला तरी बाजारात येणारे बरेचसे दगडफूल झाडांच्या सालींवरून काढलेले असते. फरक घडणीचा आहे. दगडफुलाला पानासारखी वरची आणि खालची अशी दोन अंगे असतात, ते कडेने उचलता येते. पोफळीवरचे हे शैवाक मात्र खपलीच्या जातीचे, शास्त्रात ज्याला क्रस्टोज म्हणतात ते. त्याला खालचे अंग नसतेच. त्याचे तंतू थेट सालीच्या वरच्या थरात शिरलेले असतात, आणि नखाने उचलायला जावे तर त्याच्याबरोबर साल निघते. मामीने ते लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, "मग मसाल्याला उपयोगी नाही?" नाही म्हटल्यावर तिचा त्यातला रस संपला. मला तिचे ते कधीच खटकले नाही. ज्या वस्तूचे काही करता येत नाही तिच्याकडे पाहत राहणे ही सवड आहे, आणि तिला ती फारशी मिळाली नाही.

शैवाक या शब्दात शैवल आणि कवक दोन्ही ऐकू येतात, आणि वस्तुस्थितीही तशीच आहे. बुरशीच्या तंतूंची वीण आणि तिच्या आत जपलेले शेवाळ, असे हे दोघांचे घर असते. बुरशी आडोसा देते आणि ओल धरते, शेवाळ उन्हावर अन्न तयार करते. सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने 1867 साली हे मांडले तेव्हा त्या काळच्या कितीतरी जाणत्यांना ते अपमानास्पद वाटले. जे एक म्हणून आयुष्यभर अभ्यासले ते मुळात दोन आहे, हे पचवणे सोपे नसावे. ग्राफिसच्या आत जे शेवाळ असते ते ट्रेंटेपोलिया नावाचे. कोकणातल्या माणसाने ते नावाने नसले तरी डोळ्यांनी शंभरदा पाहिलेले असते. पावसाळ्यात चिऱ्याच्या गडग्यांवर आणि माडांच्या बुंध्यांवर जी गंजासारखी नारिंगी मखमल चढते, तीच ही मंडळी. मुळात हिरवे, पण अंगातल्या नारिंगी रंगद्रव्याने ते हिरवेपण झाकलेले. ग्राफिसची पांढरट खपली ओली असताना सुईने हलकेच खरवडली की आतून पिवळसर-हिरवी, कधी नारिंगीकडे झुकणारी छटा दिसते. घरात कोण राहते आहे, हे त्यावरून कळते.

आता त्या काळ्या रेघांविषयी. त्या रेघा म्हणजे या बुरशीची फळे. इतर अनेक शैवाकांत ती वाटोळी, लहानशा थाळीसारखी असतात. ग्राफिसमध्ये ती ताणली जाऊन लांबट होतात, वळतात, फांद्या फुटल्यासारखी दुभंगतात, आणि मधोमध एक बारीक फट राहते. फटीच्या दोन्ही बाजूंचे काळे, कोळशासारखे काठ म्हणजे ओठ, आणि त्या ओठांमधून बीजाणू बाहेर पडतात. पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने भरभर काही लिहावे तसे हे दिसते, म्हणून लिनिअसने 1753 साली त्याला लिहिलेले या अर्थाचे लॅटिन नाव दिले, आणि पुढे त्याच्याच शिष्याने, एरिक आकारियसने, ते ग्राफिस या, लेखनासाठीच्या ग्रीक शब्दावरून नाव पडलेल्या, प्रजातीत घातले. मलाही पहिल्यांदा ते पाहून मोडी आठवली होती. मामाच्या माडीवर एका पत्र्याच्या पेटीत वाडीचे जुने मोडी कागद आहेत. आजोबांच्या वडिलांच्या काळातले, घड्यांवर फाटलेले, आमच्यापैकी कुणालाही वाचता न येणारे. पण एकदा ते कागद आणि भिंगाखालचे खोड एकाच दिवशी पाहिले, तेव्हा हे साम्य टिकले नाही. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरे त्या रेघेला टांगत जातो. ग्राफिसच्या रेघा एकमेकींना शिवत नाहीत. प्रत्येक रेघ स्वतंत्र उगवते, आपापल्या जागी लांबते आणि थांबते. लिपी आपण आपल्या डोळ्यांतून तिथे नेतो.

त्या दिवशी माझे उत्तर इतके चटकन आले ते या साम्यामुळेच. अक्षरे दिसली आणि नाव तोंडात आले. दिवाळीनंतर पुण्याला परतताना मी त्या खोडावरचा बोटभर तुकडा कागदाच्या पुडीत बांधून आणला होता, केवळ संग्रहासाठी. महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत, थंडीतल्या एका शनिवारी, आम्ही तो सूक्ष्मदर्शकाखाली घातला. दाढीच्या पात्याने रेघेचा आडवा छेद घेणे हे अतिशय जिकिरीचे काम आहे. दहा छेदांमधला एखादा पारदर्शक उतरतो. तो उतरला तेव्हा पहिल्यांदा बुरशीच्या सूक्ष्म पिशवीतले बीजाणू दिसले, आडव्या पडद्यांनी कप्पे पाडलेले, रंगहीन, आणि आयोडीनचा थेंब सोडल्यावर ते हळूहळू निळसर-जांभळे झाले. इथपर्यंत ग्राफिस खरेच होते. मग मैत्रिणीने ओठांकडे लक्ष वेधले. ते गुळगुळीत नव्हते. त्यांवर लांबीच्या दिशेने बारीक चऱ्या होत्या, जणू एकाखाली एक अनेक ओठ आले होते. स्क्रिप्टाचे ओठ अखंड असतात. शेवटी तिने छेदावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला. आधी पिवळा रंग पसरला, मग तो लालसर झाला आणि काही मिनिटांत काचेवर सुयांसारखे तांबडे स्फटिक उगवले. हे नॉरस्टिक्टिक आम्लाचे लक्षण, आणि स्क्रिप्टामध्ये ते आम्ल नसते. युरोपातल्या थंड रानांची चित्रे पाहून जे नाव मी पाठ केले होते ते मी श्रीवर्धनच्या पोफळीला चिकटवले होते.

रसायनाचा थेंब टाकून शैवाक ओळखण्याची ही रीत विल्यम न्यूलांडर या फिनलंडच्या अभ्यासकाने 1866 च्या सुमारास घालून दिली. त्याच वर्षी पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेतली शैवाके आणि शहराची हवा यांचा संबंधही त्याने लिहून ठेवला. मात्र शैवाक म्हणजे दोन जीव, हे श्वेंडेनरचे म्हणणे त्याने अखेरपर्यंत मान्य केले नाही. इतक्या बारकाईने पाहणारा माणूस समोरची एवढी मोठी गोष्ट नाकारत राहिला, याचा मी त्या हिवाळ्यात पुष्कळ विचार केला.

पुण्यात या विषयाची मोठी परंपरा आहे, हे इथे सांगायलाच हवे. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे. नावे सारखी वाटली तरी रस्ता सुधारक आगरकरांचा आणि संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांच्या नावाची. तिथल्या आजरेकर कवक संग्रहात सह्याद्रीतून आणि देशभरातून आणलेली शैवाके पाकिटांत जपून ठेवलेली आहेत. पी. जी. पटवर्धन, उर्मिला माखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके याच अक्षरांच्या कुळावर काम करून भारतातल्या कितीतरी नव्या जाती नोंदवल्या. त्यांच्या नोंदी वाचताना एक गोष्ट मनावर ठसते, ती म्हणजे प्रत्येक नमुन्याबरोबर लिहिलेला पत्ता. कोणता घाट, किती उंची, कोणत्या झाडाची साल, कोणत्या तारखेला. माझ्या पुडीवर मी फक्त 'मामाची वाडी' असे लिहिले होते. कोणत्या दिशेचे खोड, ऊन किती, किती उंचीवरून काढले, यातले काहीही नव्हते.

आणि नेमके तेच मामाला ठाऊक होते.

पोफळ मोडल्याचा फोन आला तेव्हा त्याच आठवड्यात मी गेले. पाऊस उघडला नव्हता. मोडलेले खोड पाटाच्या कडेला ओढून ठेवले होते आणि मामा त्यावर बसून विडीपत्त्यासारख्या सोललेल्या सालीकडे पाहत होता. मी शैवाकाचे चुकलेले नाव सांगण्याची तयारी करून गेले होते. त्याने ते ऐकून घेतले, डायरीत दुरुस्ती करायचे कबूल केले, आणि मग म्हणाला, "मला तेव्हा त्या पांढऱ्यापेक्षा पलीकडच्या पिवळ्याचं जास्त वाटत होतं." मला तो पिवळा डाग आठवेना. मी तो पाहिलाच नव्हता. त्याने मला खोडाची दुसरी बाजू दाखवली. झाड उभे असताना जी नैर्ऋत्येकडे होती, दुपारनंतरचे ऊन घेणारी. तिथे साल सोनेरी-पिवळी पडून पुढे तपकिरी झाली होती, उभ्या भेगा गेल्या होत्या आणि भेगांत किड्यांनी भुसा केला होता. पोफळीचे खोड सावलीत वाढलेले असते, त्याला असे थेट ऊन सोसत नाही. आधी सोनेरी ठिपके पडतात, मग चट्टा, मग तडा, आणि कमकुवत झालेले झाड जोराच्या वाऱ्यात तिथूनच मोडते. त्यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. पाऊस संपला की उन्हाकडच्या बाजूने खोडाला विरी किंवा झावळ्या बांधायच्या, आणि नैर्ऋत्येला लवकर सावली करणारे काही लावायचे. मामाला तो माहीत होता. विरी गोळा करूनही ठेवल्या होत्या. "पण तू म्हणालीस रोग नाही, तेव्हा वाटलं, राहू दे."

तो हे आरोप म्हणून म्हणाला नाही. झाले तसे सांगितले, आणि खोडावरून उठला.

मी तिथेच बसून राहिले. ज्या बाजूला माझे शैवाक होते ती बाजूही आता नीट पाहिली. पोफळीचे खोड आंब्या-फणसासारखे वर्षागणिक जाड होत नाही आणि साल टाकत नाही. प्रत्येक झावळी विरीसकट गळते आणि मागे एक कडे सोडून जाते. म्हणून खालचे कडे सर्वांत जुने, आणि शेंड्याजवळचे हिरवे खोड अगदी अलीकडचे. त्या शिडीवर शैवाके खालून वर चढत जातात. मामा कधीतरी म्हणाला होता की हे पांढरे खाली म्हातारे असते आणि वर पोरसवदा, आणि सावलीतल्या झाडांवरच अशी नक्षी येते, उघड्यावरच्या माडांवर येते ते राखाडी आणि वेगळे. तेही बरोबरच होते. उन्हातल्या माडांवर जे दिसते ते बहुधा पिक्सिन, चपट्या पानांचे, कडांवर भुकटी धरणारे. त्यातल्या एका सर्रास आढळणाऱ्या जातीच्या शास्त्रीय नावातच नारळ आहे, आणि ती शहरातल्या रस्त्यांकडेच्या झाडांवरही तग धरते. ग्राफिसला मात्र गुळगुळीत साल, सावली आणि टिकून राहणारी ओल लागते. मोडलेल्या खोडावरचे ग्राफिस निरोगी नव्हते. वरच्या भागात खपलीला बारीक भेगा गेल्या होत्या, पांढरा रंग पिवळट पडला होता, काळ्या रेघांचे ओठ झिजून पोकळ झाले होते. सावलीत राहणारे ते उन्हात आले होते. दिवाळीतही ते थोडेफार असेच असणार. मी भिंगातून रेघा पाहिल्या, पण त्या रेघा कशा अवस्थेत आहेत आणि का, हे पाहिले असते तर मान वर गेली असती, वरचे मोकळे आकाश दिसले असते, आणि झाडाला वळसा घालायला फार तर चार पावले लागली असती.

त्या हिवाळ्यात मी सुटी काढून वाडीत आठ दिवस राहिले आणि मामाबरोबर उरलेल्या पोफळींना विरी बांधल्या. विरी आधी पाटात भिजवून घ्यावी लागते, नाहीतर ती बांधताना चिरते. ओली विरी खोडाभोवती गुंडाळताना तिचा कच्च्या भोपळ्यासारखा वास हाताला लागतो आणि दोन दिवस जात नाही. बांधण्याआधी प्रत्येक खोडाच्या चारही बाजू पाहायच्या असे आम्ही ठरवले. मामा ऊन आणि साल पाही, मी शैवाके पाही. काही झाडांवर नैर्ऋत्येची बाजू कोरी होती आणि ईशान्येला अक्षरांची दाटी, काहींवर सुपारी उतरवणाऱ्या गड्याच्या पायांनी घासून एक उभी पट्टी गुळगुळीत झाली होती. दोन झाडांवर सोनेरी ठिपके नुकतेच धरू लागले होते. ते मामालाच आधी दिसले. तिसऱ्या दिवसापासून मलाही दिसू लागले. विरीखाली शैवाक दबेल, काही तुकडे मरतील, याचे मला वाईट वाटले. मामाने ते ओळखले असावे, कारण एका झाडाची सावलीकडची बाजू त्याने न सांगता मोकळी ठेवली.

वादळानंतर लावलेली रोपे आता माझ्या खांद्याच्या वर गेली आहेत. यंदा मे महिन्यात गेले तेव्हा त्यांची खालची कडी हिरवी सोडून राखाडी होऊ लागली होती. नैर्ऋत्येला मामाने केळी घातल्या आहेत आणि वाडीत शिरताना डोळ्यांना पुन्हा क्षणभर थांबावे लागते. पाटाजवळच्या एका रोपाशी त्याने मला बोलावले. सर्वांत खालच्या कड्यावर, ईशान्येच्या अंगाला, नखाएवढा एक फिकट डाग होता. भिंग लावले. पांढरट, कडेने पातळ होत गेलेला, सालीत विरलेला. रेघ एकही नव्हती. फळे धरेपर्यंत हे ग्राफिस होईल की दुसरेच काही, हे कुणालाही सांगता येणार नाही, आणि ती धरायला किती पावसाळे जातील ते मला माहीत नाही. मामाने डायरी काढून माझ्या हातात दिली. मी तारीख लिहिली, पोफळीचा क्रमांक, जमिनीपासूनची उंची, दिशा, केळीची सावली. नावासाठी एक ओळ मोकळी सोडली आणि डायरी परत दिली. मामाने ती उघडीच धरून वाचली, मग पेन घेऊन माझ्या नोंदीखाली स्वतःच्या अक्षरात लिहिले, 'दुपारचं ऊन अजून लागतं.'